डाव्या बाजूचा पांढरा

१३ एप्रिल, रविवार
सकाळी गाडी पुसताना डाव्या दाराखाली एक फुगा दिसला. वाटाण्याएवढा. बोटाने दाबला तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखा मऊ. गंज. घाबरण्याचं कारण नाही. ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, गंजाचा चॅप्टर झोपेत घेऊ शकतो. लोखंड, पाणी, हवा. तिघांपैकी एकाला बाहेर काढलं की भांडण मिटलं.

दुपारी उमरेडहून सासऱ्यांचा फोन. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं, मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे येतील. ही २००६ ची पांढरी एट हंड्रेड मूळची त्यांचीच. हातमागावर लुगडी विणून विणून घेतलेली, त्यांच्या आळीतली पहिली गाडी. दिसेनासं झालं तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, चावी इथे आणून दिली. फोनवर म्हणाले, डोळा उघडला की पयले गाडी पायतो, मंग मीच चालवत तुमाले सगळ्याईले रामटेकले नेतो.

म्हणजे मेच्या आत फुगा गायब पाहिजे. बायको, कामिनी, म्हणाली, डेंटरकडे टाका. डेंटर साध्या फुग्याचे जे पैसे सांगतो त्यात अख्खी गाडी येईल. मीच करणार. एक रविवार पुरे. कूलरच्या टाकीला दरवर्षी डांबर कोण मारतं?

दरवर्षी मारावं लागतं, असं रुचिका म्हणाली. लेक बी.एस्सी.ला गेल्यापासून फार बोलून राहिली.

१३ एप्रिल, सायंकाळी
फुगा स्क्रूड्रायव्हरने हलकाच खरवडला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.
आता फुगा नाही.

१५ एप्रिल
शेजारच्या दादाजींकडून ग्राइंडर आणलं. रेल्वेतून रिटायर माणूस, घरात सगळी हत्यारं, वापरत एकही नाही. वाया जातात अशी हत्यारं. ग्राइंडर देताना त्यांनी विचारलं, चालवता येते का गा? मी नुसता हसलो.

यूट्यूबवर व्हिडिओ पाहिले. सगळ्यांच्या गाडीचं भोक माझ्यापेक्षा लहान. माझं काम जास्त अॅडव्हान्स्ड आहे.

एक निरीक्षण: गंज फक्त डावीकडे आहे. उजवी बाजू ठणठणीत. रुचिकाचं म्हणणं, दोन उन्हाळे गाडी कूलरच्या खिडकीखाली उभी असते आणि कूलर बरोबर डाव्या अंगावर टपकतो. तिला समजावलं की दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थिनीला हे सांगावं लागतं. उमरेडची हवा असावी.

२० एप्रिल, रविवार
दुसरा रविवार. काम शिस्तीत चालू. दाराखालचं भोक ग्राइंडरने साफ केलं, ते आता पासबुकाएवढं आहे. कडा मात्र सुरेख आल्या.

आतली मॅट सहज उचलली. कामिनी बसते त्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, मुंग्यांची रांग दिसली. नीट पाहिलं. मुंग्या गाडीत नव्हत्या, खाली जमिनीवर होत्या.

कामिनीला सांगितलं नाही. उगाच टेन्शन घेते.

२१ एप्रिल
गच्चीवर जुन्या कूलरचा सांगाडा पडला आहे. त्याचा पत्रा कापून गाडीच्या तळाला बसवला. रिव्हेट मारले, वरून डांबर. बजेटमध्ये. टिकाऊ रिपेअर करायला पैसा नाही, डोकं लागतं. वजन टाकून टेस्टही केली. पाण्याने भरलेली कळशी ठेवली, ढिम्म हलली नाही. स्वतः उभा राहणार होतो, पण डांबर ओलं होतं.

२४ एप्रिल, दुपारी
चव्वेचाळीस डिग्री. पुट्टीत हार्डनर किती घालायचा ते डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं. चष्मा घरात, मी अंगणात. अंदाजे घातला. पुट्टी पात्यावरच दगड झाली. पातं आणि पुट्टी ही आता एकच वस्तू आहे.
दुसऱ्या वेळी हात आखडता घेतला.

२७ एप्रिल, रविवार
दुसऱ्या वेळची पुट्टी अजून कणकेसारखी आहे. आतून वाळत असेल.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून काम. उन्हाच्या आत दोन तास. चार दिवसांत गाडी नवी.

२९ एप्रिल
काल आणि आज उठणं झालं नाही. अलार्म वाजला होता म्हणे.

१ मे, गुरुवार
सकाळी बेल वाजली. दारात सासरे! पिशवी, छत्री, डोक्याला दुपट्टा. ऊन वाढून राह्यलं म्हणून लवकरच निघालो, म्हणाले. गाडी अंगणात, पुढचं सीट बेडरूममध्ये, डावं दार भिंतीला टेकवलेलं. मी धावत जाऊन डबल बेडची चादर गाडीवर टाकली. सुदैवाने मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांना आहे. (सुदैवाने हा शब्द बरोबर नाही, पण तोच सुचला.)

चादरीजवळ खुर्ची टाकून बसले. चादरीवरून हात फिरवत म्हणाले, "झाकून काहून ठेवली?"
उन्हाने रंग उतरतो, मी सांगितलं.
"बाप्पा! मी कधी एवढी जपली नाई, जावईबापू."

जरा अवघडल्यासारखं झालं. ऊन लागलं असावं. पन्हं घेतलं.

५ मे, सोमवार
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात ऑटोने गेलो. घरी गाडी असून ऑटो काहून, असं त्यांनी विचारलं. पार्किंगचा प्रॉब्लेम असतो म्हटलं. दवाखान्यासमोर अख्खं मैदान रिकामं होतं, पण त्यांना ते दिसण्यासारखं नव्हतं. कामिनीला दिसलं.

६ मे
पट्टी निघाली. आधी भिंतीवरचं घड्याळ वाचलं. मग रुचिकाकडे पाहून म्हणाले, "काऊन वं, तुह्या नाकात चमकी कवा आली?" ती रडायलाच लागली. मग माझ्याकडे पाहिलं.
"जावईबापू, केस कुठी गेले?"
सगळे हसले. नर्सही. असे क्षण भावनेचे असतात, मनावर घ्यायचं नसतं.

डॉक्टरांनी बजावलं: धूळ नको, डोळ्यात पाणी नको, गाडी चालवायची ती आम्ही सांगू तेव्हा. घरी येताच कामिनीने ग्राइंडर दादाजींना परत केलं आणि घासणं बंद केलं. म्हणजे पुट्टी न घासता त्यावर रंग मारावा लागणार.
हरकत नाही. खडबडीत फिनिशची आजकाल फॅशन आहे.

१० मे
दार आणि सीट बसवलं. दार बंद करायला थोडं उचलावं लागतं, एवढंच.

जरीपटक्याच्या बाजारात जाऊन स्प्रेचा डबा आणला. दुकानदाराने विचारलं, कौनसा व्हाइट? मी म्हटलं, पांढरा. त्याने पुन्हा विचारलं, कौनसा? मी म्हटलं, व्हाइट. असे लोक धंदा कसा करतात?

सासरे दुपारी झोपले तेव्हा मारला. लांबून पाहिलं. गाडी म्हाताऱ्याच्या दातांसारखी पिवळसर, आणि मध्ये कवळीचा एक दात. म्हणून शेजारची जागा पण मारली. मग तिच्या शेजारची. मग दुसरा डबा आणून पूर्ण डावी बाजू.

आता डावी वेगळी, उजवी वेगळी. पण कोणत्याही माणसाला गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसू शकत नाहीत. हे आधी लक्षात आलं असतं तर टेन्शन वाचलं असतं.

१४ मे
गाडी वळवून डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून लावली. मध्ये मांजर जाईल एवढीच फट. मग चादर काढली आणि सासऱ्यांना बोलावलं.

काळा चष्मा लावून हळूहळू आले. उजव्या बाजूने बोनेटपासून डिकीपर्यंत चालले, परत आले. आरशाजवळ थांबले. तिथे एक जुना ओरखडा आहे, तो त्यांनी अंगठ्याने शोधून काढला. लुगड्यांचा गठ्ठा घेऊन नागपूरला येताना लागला होता म्हणाले. तिथेच उभे राहिले. डोळ्यातून पाणी. कामिनी ड्रॉप घेऊन धावली, पण ते तसलं पाणी नव्हतं.

"चांगली ठेवली," म्हणाले.

मग दुसऱ्या बाजूला जायला निघाले. मी चहा झाला म्हणून ओरडलो. चहा ठेवलासुद्धा नव्हता.

२३ मे
डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. मोकळ्या रस्त्यावर, हळू. सासरे खूश. रविवारी रामटेक. नवा सदरा इस्त्री करून ठेवलाय.

माझंही काम पूर्ण झाल्यात जमा. पुट्टी वरून वाळली आहे.

२५ मे, रविवार
उजेड व्हायच्या आत गाडी गेटबाहेर काढली, सगळ्यांना उजवीकडूनच बसवलं. कामिनीला ड्रायव्हर सीटवरून सरकत पलीकडे जायला सांगितलं. डावं दार जाम आहे म्हटलं. तिने पाहिलं माझ्याकडे. पण सासऱ्यांसमोर पदर सावरून सरकली.

कामठी ओलांडेपर्यंत मी चालवली. मग सासरे म्हणाले, आता मी. मी मागे रुचिकाजवळ. त्यांनी सीट पुढे घेतलं, आरसा हलवला, स्टीअरिंगला हात लावून नमस्कार केला. गाडी अशी चालवली की मला वाईट वाटलं. माझ्या हाताखाली ती इतकी शांत कधी चालली नाही.

कन्हानच्या अलीकडे स्पीडब्रेकर. पुढचं चाक गेलं. मागचं गेलं. मग खालून ताट पडल्यासारखा आवाज आला आणि कामिनी ओरडली.

कूलरचा पत्रा रस्त्यावर पडला होता. त्याच्यासोबत कामिनीची एक चप्पल. मागून बस आली आणि दोन्हीवरून गेली. कामिनी दोन्ही पाय पोटाशी घेऊन सीटवर बसली होती आणि तिच्या खाली डांबरी रस्ता पळत होता.

सासऱ्यांनी गाडी कडेला घेतली. उतरले. काळा चष्मा काढून खिशात ठेवला. नव्या सदऱ्यात गुडघे टेकून नव्या डोळ्याने गाडी खालून पाहिली. उठून डाव्या बाजूला गेले. दाराखाली नख लावलं. रंगाचा पापुद्रा आला, त्यामागे पुट्टी आली, मऊ, लाडूसारखी त्यांच्या मुठीत.

ओरडतील वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मले सांगाचं होतं ना, जावईबापू," म्हणाले. "गाडी सडली म्हणून सांगतलं असतं, तं मी का रुसून उमरेडले गेलो असतो?"

माझ्याकडे उत्तर होतं. तेवढ्यात ट्रक गेला.

मग हळूच म्हणाले, "गाडी गेली तं गेली. लेकीचा पाय गेला असता तं?"

तेव्हा ट्रक नव्हता. मी मागे जाऊन चपटी झालेली चप्पल उचलून आणली.

कन्हानला कामिनीसाठी चप्पल घेतली. सासऱ्यांनी घेतली. मला दुकानाबाहेर गाडीजवळ उभं राहायला सांगितलं होतं. रामटेक राहिलं. येताना आम्ही तिघं मागे चिपकून बसलो, पुढची जागा रिकामी. भोकातून गरम वारा येत होता. कोणी काचही वर केली नाही.

२६ मे
सकाळी उठलो तर अंगणात गाडी नाही. कामिनी आणि सासरे डेंटरकडे घेऊन गेले. मला विचारलं नाही. माझी गाडी मला न विचारता, असं मी रुचिकाला म्हणालो. ती म्हणाली, बाबा, आरसी आईच्या नावावर आहे.
हे मला माहीत होतं. फक्त तसं बोलण्यात येत नसे.

३ जून
डेंटरकडे जाऊन गाडी पाहून यावी म्हणतो. दोन सूचना करता येतील.
कामिनी नको म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मी लग्नापासून दोनदाच ऐकला आहे.

८ जून, रविवार
गाडी काल आली. खाली नवा पत्रा वेल्ड केलेला. दोन्ही बाजूंना एकच पांढरा. मी तिच्याभोवती दोनदा फिरलो, दोन्ही वेळा एकच.

आज रामटेक झालं. मनसरपासून सासऱ्यांनी चालवली, कामिनी त्यांच्या शेजारी पाय पसरून. गडावर सासऱ्यांनी खालचं तळं, शेतं, रस्त्यावरच्या गाड्या एकेक करून आम्हाला दाखवल्या, जणू आम्हालाच दिसत नव्हतं. मला हाताला धरून कठड्याशी नेलं आणि म्हणाले, "ते पाहा जावईबापू, आपली गाडी. इथून पण ओळखू येते." मला पार्किंगमध्ये पाच-सहा पांढऱ्या दिसल्या. हो म्हटलं.

सायंकाळी घरी आल्यावर गाडी पुसायला घेतली. डाव्या दाराखाली एक काळा ठिपका. फुगलेला. मला आतून बरं वाटलं. एवढे पैसे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी! पण या वेळी स्क्रूड्रायव्हर नाही. पद्धतशीर जायचं. ड्रॉवरमधून सँडपेपर आणला आणि हलकेच, अगदी हलकेच, एक हात मारला.

ठिपका उडून गेला. किडा होता.

रंगावर बोटभर ओरखडा राहिला. बनियनच्या टोकाने पुसला. गेला नाही. चादर गच्चीवर वाळत होती, हे पण आठवलं. क्षणभर जिन्याकडे पाहिलं.

मग कामिनीला हाक मारली.

आली. वाकून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातून सँडपेपर घेतला, त्याची चौघडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

नवाच होता.