साहेबांना समुद्र दाखवून आणला

नाना,

वर थोडी खाडाखोड झाली आहे, तिकडे लक्ष देऊ नका. कागद चांगला होता, फेकवेना.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. तुमचे जावई या संक्रांतीच्या आधी गेले. सकाळी पेपर वाचता वाचता मान कलंडली, मला वाटलं डुलकी लागली. मी दळण आणायला निघून गेले. परत आले तरी तसेच. तेव्हापासून माझं काहीतरी बंद पडलंय. रडू आलं नाही. बायका येऊन गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मनात म्हणायचे, हिची साडी कुठली असेल. मूलबाळ नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरात राहिलो आम्ही दोघं, मी आणि साहेब.

साहेब म्हणजे कुत्रा. चमकू नका. तुमच्या लेकीच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये कुत्रा आहे, आणि तो सोफ्याखाली नाही, सोफ्यावर झोपतो. यांच्या एसटीच्या वर्कशॉपमध्ये एका बसखाली जन्मला. पिल्लू असताना एकदा मोठ्या साहेबांच्या खुर्चीत जाऊन झोपला, तेव्हापासून सगळे मेकॅनिक त्याला साहेबच म्हणायला लागले. "साहेब जेवले का?" "साहेबांची आज रजा आहे काय?" असं दिवसभर चालायचं. हे रिटायर झाले त्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि संध्याकाळी स्कूटरच्या पुढच्या फळीवर साहेब बसून आले. मी दारातच म्हटलं, हे ध्यान घरात येणार नाही. हे म्हणाले, "अगं, त्यांचीही सर्व्हिस संपली." मी आठवडाभर तोंड फुगवून होते. मग एक दिवस भाकरी करताना मागे बघितलं तर साहेब ओट्याखाली बसलेले, शेवटच्या भाकरीची वाट बघत. शेवटची भाकरी कुत्र्याची, हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

यांच्या डोक्यात रिटायर झाल्यापासून एकच खूळ. साहेबांना समुद्र दाखवायचा. स्वतः तरी कुठे नीट बघितला होता! पण कोकणात गाड्या घेऊन गेलेले सगळे ड्रायव्हर यांच्या ओळखीचे. त्यांना फोन करून करून यांनी माहिती काढली. कुठल्या किनाऱ्यावर कुत्रं चालतं, कुठे सकाळी चालतं पण गर्दीच्या वेळी नाही, कुठे दोरी सोडली तर लोक ओरडतात, कुठल्या घरगुती खानावळीत खोलीत घेऊ देतात. काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर, मग होडीतून खाडी ओलांडून वेळास, केळशी. जेवताना एवढंच. मी म्हणायचे, भाजीत मीठ आहे का ते सांगा आधी. दिवाळीनंतर जाऊ म्हणाले, मग थंडी ओसरली की जाऊ म्हणाले. थंडी ओसरायच्या आत माणूसच गेला.

तेराव्याला यांची मोठी बहीण धुळ्याहून आलेलीच होती. अक्का. तुम्ही बघितलंय तिला, लग्नात तुमच्याशी पंगतीच्या जागेवरून भांडली होती ती. बोलायला फटकळ, पण माझं जेवण झाल्याशिवाय स्वतः जेवली नाही त्या दिवसांत. सोनगीरजवळ त्यांचा मळा आहे. निघताना अक्षय्य तृतीयेचा वायदा घालून म्हणाली, "आखाजी व्हयनी का कुत्रं मळामा आणी सोड. तुले एकलीले झेपाव नही." मी हो म्हटलं. तेव्हा मला कोणी घर विकून टाक म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मळ्यात साखळी लावतात, गेटाशी बांधतात, सगळं मला माहीत होतं. तरी हो म्हटलं. मग चैत्रात एक दिवस वाटलं, साहेबांना सोडायच्या आधी समुद्राचं तेवढं उरकून टाकावं. लाइटबिल भरायचं राहिलं की वाटतं ना, तसं. बाकी काही वाटलं नाही.

गाडी मीच चालवली. तुम्ही ट्रॅक्टर शिकवला होता ना, भडगावच्या मळ्यात, आईचा ओरडा खाऊन. "कलच हळू सोड, बैल नही शे तो." कसाऱ्याचा घाट उतरताना तुमचाच आवाज कानात होता. अक्काला मात्र निघाल्यावर कळवलं, कारण आखाजी मधेच येत होती. ती फोनवर कडाडली, "पहिली आखाजी नि तू समिंदरवर चालनी?" यांच्या नावाची पाण्याची घागर धुळ्याला तिच्या घरीच भरणार होते, तिच्या मुलाच्या हातानं, त्यामुळे माझ्यावाचून काही अडत नव्हतं. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, अडत नही म्हणून काय येवानं नही? पण एक सांगते, निघायच्या आदल्या दिवशी बाजारात कुंभारीण बसली होती आणि मी सवयीनं एक लहान मडकं घेतलं. शेजारच्या गाडीवर खरबुजांचा ढीग होता, त्यातलं एक डांगर घेतलं. कशाला घेतलं ते मलाच कळलं नाही. दोन्ही मागच्या सीटच्या खाली ठेवली, आणि घरच्या पाण्याचा कॅन. समुद्राकाठचं पाणी खारट असेल म्हणून.

तुमची ती आखाजी मला आठवते. मी सातवी-आठवीत असेन. आई चुलीवर पालथं खापर टाकून मांडे करते आहे, घरभर पुरणाचा वास. उंबऱ्याशी आजीची घागर भरून ठेवली आहे, वर डांगर ठेवायचं बाकी आहे. तुम्ही धोतर नेसून बसलात, कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेत एकेक रेघ ओढताय. मला म्हणालात, घागरीकडे ध्यान ठेव. मी बाहेर झोका बांधलेल्या पोरींकडे बघत होते. तेवढ्यात मळ्यातला आपला कुत्रा उन्हातून जीभ काढत आला आणि सरळ आजीच्या घागरीत तोंड घातलं. चपचप पाणी प्यायला. तुम्ही "हाड!" असे ओरडलात की चुलीपुढची आई उडाली. कुत्रा पळाला. माझ्या पाठीत एक धपाटा बसला, "कोठे ध्यान शे तुन्हं?" आई रडायला लागली, सासूबाई तहानलेल्या परत जातील म्हणून. तुम्ही गड्याला कुंभाराकडे पिटाळलंत, दुसरी घागर आणायला. मला वाटलं आता हे मडकं फोडणार. पण तुम्ही ते उचललंत, विहिरीवर गेलात, पुन्हा काठोकाठ भरलंत आणि लिंबाखाली नेऊन ठेवलंत. मागून मी आले होते. माझ्याकडे न बघता म्हणालात, "आते हाई मडकं त्यानं शे." पुढे कितीतरी वर्षं तो त्यातूनच पाणी प्यायचा. मला त्याचं काही वाटलं नाही तेव्हा. पाठ दुखत होती.

काशीदला पोचलो तर ही गर्दी. घोडे, उंट, नारळपाणी. वाळू तापलेली, साहेब एक पाय उचलतोय, दुसरा टेकवतोय. समुद्राकडे बघून माणसाला आतून काहीतरी होतं असं ऐकून होते. मी बघितला. मनात आलं, एवढं पाणी आणि एक वाफा भिजायचा नाही याच्यानं. हे तुम्ही म्हणाला असतात, नाही? साहेबांचंही समुद्राकडे लक्ष नव्हतं. कोणी वयस्क माणूस पँट दुमडून पाण्यात उभा दिसला की हा धावत जायचा, पोटऱ्या हुंगायचा आणि परत यायचा. मला आधी कळेना. माणसं दचकायची, एकानं शिव्याही घातल्या. दिवेआगरला पहाटे सुरूच्या बनातून गेलो तर तिथेही तेच. फिरायला आलेले एक आजोबा, त्यांच्या पायाशी जाऊन बसला तो उठेचना. मग लक्षात आलं. हे वर्कशॉपमधून यायचे ते पँट दुमडूनच, ऑइल लागू नये म्हणून. कुत्रा शोधत होता, नाना. मी माणूस असून शोधत नव्हते.

तिथल्या खानावळवाल्या काकूंना मी घाबरत घाबरतच विचारलं होतं, कुत्रा चालेल ना खोलीत. त्या म्हणाल्या, "चालेल हो, न चालायला काय झालं? त्रास असतो तो माणसांचा." रात्रीच्या जेवणात साहेबांना भाताबरोबर माशाचं डोकं वाढलं त्यांनी. खानदेशी कुत्रा, त्यानं मासा कधी हुंगला नव्हता. तोंड वाकडं करून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटातली चपाती मागितली. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत गाडी चढवली, साहेबांनी खाडीभर मान बाहेर काढून ठेवली होती.

आखाजीला केळशीला होतो. सकाळची वेळ, लांबच लांब वाळू, माणूस नाही. जाळं आवरणारे कोळी होते पण फार लांब. मी मडकं काढलं, कॅनमधलं पाणी भरलं, वाळूत रुतवून ठेवलं. शेजारी डांगर. उंबरा कुठून आणणार? वाळूतच बोटानं रेघ ओढली, आजीची. मग आईची. मग तुमची. तुमची ओढताना हाताला काही कष्ट पडले नाहीत. चौथ्या रेघेला बोट वाळूत टेकवलं आणि ते पुढे सरकेना. नाव घ्यायचं असतं ना तोंडानं. बायकोनं नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, नाहीतर असं. मी बोट टेकवून तशीच बसून राहिले. काय करावं कळेना.

साहेब तोवर लाटेचं पाणी प्यायला होता. खारट लागल्यावर ठसकत, शिंकत माझ्याकडे आला आणि मी बघते तर तोंड घागरीत. "हाड!" माझ्या ओठावर आलं होतं, अगदी तुमच्याच आवाजात. हातही उचलला. मग तो हात तसाच राहिला. त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत पाणी पिऊन टाकलं, मडकं चाटलं, आणि सगळ्या रेघा मोडून माझ्या गुडघ्याला पाठ टेकून बसला. त्यानंतर किनाऱ्यावर दोन-तीन माणसं आली. एकाची पँट दुमडलेली होती. साहेबांनी कान टवकारले, बघितलं, पण उठले नाहीत. मी मोठ्यानं म्हटलं, "आते हाई मडकं त्यानं शे." अहिराणी तोंडातून किती वर्षांनी निघाली. ऐकणारं कोणी नव्हतं. मग डांगर फोडलं, आम्ही दोघांनी खाल्लं.

परतीला नाशिकला मुक्काम केला. धुळ्याजवळ आलो तेव्हा अक्काचा फोन, ती मळ्यातच थांबली होती. सरळ गेलं की सोनगीर, उजवीकडे वळलं की पारोळा, एरंडोल आणि घर. मी गाडी कडेला घेतली. आरशात बघितलं तर साहेब मागच्या सीटवर ते मडकं दोन पायांत धरून झोपलेले. मडकं धरून झोपतं का कुत्रं कधी? पण झोपलं होतं. मी उजवीकडे वळले आणि पारोळ्याला चहा घेताना अक्काला फोन लावला. म्हटलं, साहेब घरीच राहतील. ती म्हणाली, "साखळी नवी इकत लई ठेवेल व्हती मी. आते तुन्हं तू देख." फोन ठेवला. मला वाटलं तुटलं हे नातं. दहा मिनिटांत पुन्हा तिचाच फोन, "सांजोऱ्या ठेवेल शेतस. एसटीवर धाडू का?" मी धाड म्हटलं.

आता घरी आहे. मडकं गॅलरीत आहे, नवीन आहे म्हणून पाझरतं, फरशी ओली होते. मी पुसते.

नाना, एक कबूल करते. हा कागद तुमच्यासाठी घेतला नव्हता. यांना लिहायला बसले होते, समुद्र कसा होता ते कळवायला. वर जी खाडाखोड आहे ना, तिच्याखाली "अहो" लिहिलंय. त्याच्यापुढे सबंध दुपार एक अक्षर सुचलं नाही. मग ते खोडून तुमचं नाव घातलं. तुम्ही गेलात हे मला पाठ आहे, तुमच्याशी बोलता येतं.