मफलर तेवढा चुकला

समुद्रपूर,
२६ डिसेंबर २००५

चि. किशोरले अनेक आशीर्वाद.

लहान भावाले आशीर्वाद लिहा लागते म्हणून लिहिले, मनातून नाई.

काल तुह्यं कार्टून पाह्यलं. माह्या किशोरनं नाताळचा खास भाग लिहिला, असं आईनं साऱ्या मोहल्ल्याले सांगून ठेवलं होतं. टीव्हीसमोर पंधरा-वीस माणसं. अन् दिसलं काय? किराणा दुकानदार बाप, कानावर पेन्सिल, गळ्यात मफलर, पुडीचा दोरा दातानं तोडते, अन् ऐन सणाच्या दिवशी पोराच्या थोबाडीत देऊन त्याले घराबाहेर काढते. सारे माह्याकडं पाहून हसून राह्यले होते. तुही वहिनीसुद्धा पदर तोंडाले लावून हसली. तेवढ्यात लोडशेडिंग झालं म्हणून वाचलो.

अंगणात बर्फ पाडला तू, दिव्यांचं झाड उभं केलं. आपल्या घरी कधी नाताळ झाला रे? पण मले तेवढं हुबेहूब काढलं. आज पोट्टे दुकानासमोरून मफलरबाप, मफलरबाप ओरडत जाऊन राह्यले. अन् मफलर तर मी चौदा वर्षांत गळ्यात घातला नाई!

चौदा वर्षांमागंही तू हेच केलं. हरिदास पाटलाचं म्हशीसारखं चित्र काढलं, अन् त्याच कागदात त्यालेच साखर बांधून देली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. म्हणून तुले हाणलं, घरातून निघ म्हणलो. तेव्हा गिऱ्हाइकाचं चित्र काढलं, आता सख्ख्या भावाचं.

संक्रांतीले येतो म्हणून आईले फोन केला म्हणे. काही गरज नाई. येऊ नको. तुह्यासाठी हे दार बंद आहे.

लोभ आहे असं समजू नको.

रूपराव

मुंबई,
२ जानेवारी २००६

ती. स्व. भाऊस किशोरचा शि. सा. न. वि. वि.

लोडशेडिंगनं तुमचा घात केला भाऊ. शेवट पाहायला पाहिजे होता. शेवटी तो बाप बर्फात पोराला शोधत निघतो, स्टेशनवर गाठतो, स्वतःचा मफलर त्याच्या गळ्यात गुंडाळतो आणि घरी आणतो. नाताळचा भाग गोडच झाला पाहिजे, असं कंपनीनं बजावलं होतं. म्हणून खोटं लिहिलं.

खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. वर्ध्याच्या फलाटावर मी तीन तास बसलो होतो. स्टेशनच्या दाराकडे डोळे लावून. एक हाक मारली असती तर आलो असतो. तुम्ही आला नाहीत.

आणि तुमचा तो मफलर. निघताना खुंटीवरून मीच उचलला होता. गाडी सुटल्यावर खिडकीतून भिरकावून दिला. फार बरं वाटलं.

दार तुमच्या एकट्याचं नाही, आईचंही आहे. पण तिच्यासमोर तमाशा नको, म्हणून येत नाही. कारण तिला तुम्हीच सांगा.

आईला साष्टांग, वहिनीला नमस्कार. तुम्हाला वर लिहिलाय तेवढा पुरे.

किशोर

समुद्रपूर,
८ जानेवारी २००६

चि. किशोरले आशीर्वाद.

टीव्हीत खोटं लिहितो ते लिहितो, पत्रातही खोटं लिहितो काय? मफलर तू खिडकीतून फेकला नाई. बाकावर तुह्या बाजूले एक म्हातारी कुडकुडत बसली होती. तिच्या खांद्यावर टाकला. तिनं तुह्या डोक्यावरून हात फिरवला, अन् तू शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

मी फलाटावरच्या पुलावर होतो. दुकान उघडं टाकून मागच्या एसटीनं आलतो. तुह्ये डोळे दाराकडं, वर पाह्यलंच नाई तू.

खाली उतरलो असतो तर माफी मांगा लागली असती. मोठ्या भावानं चार लोकांत लहान भावाची माफी कशी मांगावी, मले समजलं नाई. कठडा धरून उभा राह्यलो, अन् गाडी गेली. घरी सांगितलं, मी पोचाच्या आधीच सुटली होती. आई आजही तेच समजते. दुसरा मफलर घेतला नाई मी. घ्यावासाच वाटला नाई.

कार्टूनचा राग गेला नाई, जाणारही नाई. पोट्टे अजून ओरडून राह्यले. पण तू येत नाई हे आईले सांगाले मी तोंड उघडलं, अन् तसंच मिटलं.

तेरा तारखेच्या गाडीनं येजो. वर्ध्याले फलाटावर असीन, खाली.

लोभ असू दे म्हणायले तोंड नाई, तरी लिहितो.

तुहा भाऊ,
रूपराव