जुडी कोण बांधणार?

जाकार्ता, ३ ऑगस्ट १९९४

चि. वर्सिनीस,
अ. आशीर्वाद.

तुझं पत्र मला बाराशे रुपियांना पडलं. तिकीट कमी लावलंस, त्याचा दंड तीनशे. वाचता वाचता कढईत सोयाबीनच्या तेंपेच्या अठरा फोडी करपल्या, त्या पन्नासच्या भावाने नऊशे. गिऱ्हाईक कुठलं खायला, मीच खाल्ल्या.

पण फोडींपेक्षा मी जास्त करपलो. कांदा उपटणाऱ्या गड्याला दिवसाचे पाच हजार, आणि त्याच कांद्याच्या जुड्या बांधणाऱ्या बाईला तीन? शेत एक, ऊन एक, मालक एक! त्या दुल्गनीला लाज म्हणून नाही का? आपली आई जन्मभर त्याच्या बापाच्या शेतात जुड्या बांधत राहिली, तिने कधी विचारलं नाही. तू विचार. चांगलं सगळ्यांदेखत विचार.

माझ्याकडे येऊन बघ म्हणावं त्याला. डोक्यावर टोपली घेऊन भात विकत विकत मी ही खाणावळ उभी केली, पण बाईचा घाम कधी वेगळ्या तराजूत तोलला नाही. परवा जेवायला आलेल्या बँकेतल्या कारकुनालाही मी हेच सुनावलं. बिचाऱ्याने ओशाळून एक अंडं जास्त घेतलं.

तुरिया वहिनी बरी आहे. पहाटे तीनला उठते, त्यामुळे आजारी पडायला तिला वेळ नसतो. आपल्या कांगवरची, थोरल्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा कांग,
कस्नादी

*

ब्रेबेस, ९ ऑगस्ट १९९४

ती. कांग यांस,
सा. न. वि. वि.

या वेळी तिकीट पुरेपूर लावलं आहे. फोडींकडे लक्ष ठेव.

तू म्हणालास तशी बोलले. दुपारच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत. दुल्गनी हसला. म्हणाला, गड्यांना कॉफी लागते, सिगारेट लागते, वरचे दोन हजार त्याचेच, तुम्हा बायकांना कसला आलाय खर्च? मी म्हटलं, आपला कासन तर सिगारेटला शिवत नाही, मग त्याचे दोन हजार कापता का? तर म्हणे, तुझं तोंड हातापेक्षा जास्त चालतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तशा आम्ही साऱ्या बायका गड्यांच्या रांगेत जाऊन बसलो आणि सिगारेट मागितली. साठीच्या म्बोक वास्तीने तर कुणाची तरी लवंगेची सिगारेट घेऊन पेटवलीच. खोकून खोकून डोळ्यांना धारा लागल्या, पण म्हातारी विझवायला तयार नाही. मालकाला म्हणाली, पोरा, मलापण आता व्यसन लागलं बघ, काढ दोन हजार. गडी पोट धरून हसले.

दुल्गनी मात्र हसला नाही. संध्याकाळी मजुरी वाटताना माझ्यापुढे थांबला आणि म्हणाला, उद्यापासून तू येऊ नकोस, धुराने तब्येत बिघडेल.

कांग, काढणी अजून पंधरवडाभर आहे. पोरीचा बाप गेल्यापासून या काढणीच्या पैशावरच आम्ही दोघी पुढच्या लावणीपर्यंत तग धरतो. घाबरले नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्याहून संताप जास्त आहे. जुडी बांधायला माझी बोटं चालतात, तोंड उघडलं की मी चालत नाही!

वहिनीला नमस्कार. आहे तसा जीव लावत जा.

तुझी,
वर्सिनी

*

जाकार्ता, १४ ऑगस्ट १९९४

चि. वर्सिनीस,
अ. आशीर्वाद.

पत्र वाचून हातातला झारा आपटला. नालायक माणूस! विधवेच्या पोटावर पाय देतो आणि वर तिच्या तब्येतीची काळजी दाखवतो! त्याला सांग, वर्सिनीचा भाऊ अजून जिवंत आहे.

माझ्या सांगण्यावरून तोंड उघडलंस, तर तुझा भार माझ्यावर. पोरीला घे आणि सरळ इकडे ये. वहिनीच्या हाताखाली स्वयंपाक बघ. पहाटे उठायची तुला सवय आहेच. जेवूनखाऊन महिना पंचेचाळीस हजार देईन. बहीण म्हणून उपकार नव्हे हं, तुझ्या कामाचे पैसे. बाईमाणसाला तेवढे पुष्कळ होतात.

माळ्यावर वहिनीशेजारी तुम्हा दोघींपुरती जागा केली आहे. उलट टपाली कळव. रागावू नकोस, रुसू नकोस, ये.

तुझा कांग,
कस्नादी

*

ब्रेबेस, २० ऑगस्ट १९९४

ती. कांग यांस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शेतात होते. हो, दुल्गनीच्याच.

मला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका शेतावर गेल्या आणि बांधावर पाय पसरून बसल्या. गड्यांनी कांदा उपटला, तो सरीतच पडून राहिला. दुल्गनीने गड्यांनाच जुड्या बांधायला बसवलं. त्यांच्या जुड्या दिसायला गोंडस, पण उचलल्या की सुटायच्या. कासन म्हणाला, मालक, हे काम सोपं आहे असं तुम्हीच सांगितलं होतंत. मग व्यापाऱ्याचा ट्रक आला. सुटा कांदा भरणार नाही म्हणाला आणि रिकामाच निघून गेला.

त्याच संध्याकाळी दुल्गनी माझ्या अंगणात. चार हजार देतो म्हणाला. माझ्या पाठीमागून म्बोक वास्ती ओरडली, पाच, आणि वर्सिनी सगळ्यांत आधी बसेल. चपलेने माती उकरत शेवटी हो म्हणाला. फक्त या काढणीपुरते हं, हेही बजावून गेला. एवढ्या वर्षांत आमचं जे मारलं, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. आईचं तर नाहीच नाही. पुढच्या काढणीला पुन्हा बांधावर बसावं लागेल असं दिसतं. बसू.

तेव्हा मी जाकार्ताला येत नाही. माळ्यावरची जागा वहिनीला पाय पसरायला होईल. पोरगी मामाची आठवण काढते. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
वर्सिनी

ता. क. तुझ्या रोहिमची बायको तार्मी माझ्या शेजारच्या वाफ्यात जुड्या बांधते. रोहिम तुझ्याकडे ताटल्या धुतो, आणि त्याला जेवूनखाऊन पंच्याहत्तर हजार मिळतात.