डोळा मिटला, डोळा लागला

नाना, रविवारी सकाळी तुम्ही खिडकीपाशी बसून पेनात शाई भरायचात आणि दौत मी धरायची. दौत हलली तरी तुम्ही रागवायचा नाहीत, माझा हात स्थिर होईपर्यंत नुसते थांबायचात. आतून आई विचारायची, "झालं का बापलेकीचं?" आणि तुम्ही बोटाची शाई केसांना पुसायचात. एवढं लिहिलं आणि आता वाटायला लागलंय, केसांना पुसायचात की धोतराला? काल मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, केसांना. आज तसं सांगवत नाही, आणि हे पत्र लिहायला बसण्याचं कारणही तेच आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्याचं मंगळवारी आहे. मधल्या या दिवसांत माझे दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. उजवा झाकला की पुंडलिकनगरातल्या आमच्या स्वयंपाकघराची भिंत पांढरी दिसते, किंचित निळसरच. डावा झाकला की तीच भिंत जुन्या वहीच्या पानासारखी पिवळी. दिवसातून वीसदा मी हे करून बघते. सूनबाई म्हणाली, "आई, भिंतीला डोळे मारणं बंद करा, लोक काय म्हणतील." हसले मी, आणि ती वळताच पुन्हा डोळा झाकून बघितलं. तपासायला गेले तेव्हा नातीच्या वयाच्या त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, खरा रंग कोणता? त्या म्हणाल्या, "नवा डोळा बरोबर आहे, आजी. इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होतात." मी म्हटलं, "पण मला तर पिवळं कधी दिसलं नाही." त्या सहज म्हणाल्या, "आतून कुणालाच दिसत नाही." त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी मात्र ते वाक्य घेऊन घरी आले, आणि तेव्हापासून कुठल्याच आठवणीवर माझा हात स्थिर राहत नाही.

खरं तर सुरुवात ऑपरेशनच्या दिवशीच झाली होती. धाकटी बहीण मला रिक्षानं घरी आणत होती. ती माझ्या डाव्या बाजूला बसलेली, आणि माझ्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. मी उजव्या डोळ्यानं वाळूजच्या बसमधून उतरणारी माणसं बघत होते, टक्क जागी. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "झोपलीस काय गं? डोळा लागला काय तुझा?"

"जागी आहे की."

"मला काय माहीत बाई. माझ्याकडून नुसती पट्टीच दिसती."

ती सहज बोलली, आणि वाकडं मनगट मांडीवर ठेवून बाहेर बघायला लागली. मी मात्र त्या मनगटाकडंच बघत राहिले. कारण त्याच चौकाच्या अलीकडं ते मनगट मोडलं होतं. तेव्हा ती सहा वर्षांची होती, मी दहा.

तुम्हाला आठवत असेल, नाना. चाचांचा टांगा आम्हाला कॉन्व्हेंटला न्यायचा. इतर मुली मागं बसायच्या, आम्ही दोघी पुढं. मी चाचांच्या डावीकडं, धाकटी उजवीकडं. जागा ठरलेल्या, कधी बदलल्या नाहीत. माझ्याकडून चाचांचा डोळा नेहमी मिटलेलाच दिसायचा. मी मागच्या मुलींना सांगायची, चाचा झोपतात आणि घोडा शाळेत जातो. चाचा म्हणायचे, "हौ बिटिया, घोडाच पढा-लिखा है, मैं तो अनपढ़।" सगळ्या हसायच्या. मग त्या दिवशी चाक खडीच्या ढिगावर चढलं आणि टांगा कलंडला. धाकटीच्या मनगटाचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून ती घरभर सांगत होती, "चाचा आधी बोलले मला, पकड के बैठो." आई म्हणाली, पोरगी भेदरलीये, काहीही बोलतेय. मग सगळे माझ्याकडं वळले. मी मोठी होते. मॉरल सायन्सच्या तासाला खरं बोलण्याबद्दल मला सिस्टरनं सोनेरी कडेचं चित्र दिलं होतं, आणि ते तुमच्या टेबलाच्या काचेखाली होतं.

संध्याकाळी मुलींचे वडील आपल्या बैठकीत जमले. टांगा बंद करावा म्हणून अर्ज लिहायचा होता, आणि तो तुमच्याशिवाय कोण लिहिणार? पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, कोर्टातले जुने उर्दू कागद मराठीत आणायचं काम तुमच्याकडं आलं होतं. जेवताना तुम्ही सांगायचात, तर्जुमा करणाऱ्यानं साक्षीदाराच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. तो "पाहिलं" म्हणाला तर पाहिलं, "दिसलं" म्हणाला तर दिसलं. पाहतो माणूस, दिसतं माणसाला. त्या दोन्हींत एका माणसाची जन्मठेप बसते, असं तुम्ही म्हणायचात आणि आई म्हणायची, भाजी निवतेय. त्या संध्याकाळी तुम्ही मला समोर उभं केलंत. आजही मी तिथं उभी आहे, फ्रॉकचं टोक मुठीत धरून. तुम्ही विचारता, काय पाहिलंस? मी म्हणते, "चाचांचा डोळा मिटला होता."

तुम्ही मान वर करता. "डोळा मिटला असं माणूस गेल्यावर म्हणतात. झोपला असेल तर डोळा लागला म्हणायचं. काय हे कॉन्व्हेंटचं मराठी." सगळे हसतात. तुम्हीही, थोडं कौतुकानं. आणि पेन चालायला लागतं.

दुसऱ्या दिवशी चाचा दारात आले. आत आले नाहीत, पायरीखालीच उभे राहिले. म्हणाले, "साहब, कसम से, मेरी आँख नहीं लगी थी। खड्डा बचाने गया तो खडी पे चढ़ गया।" तुम्ही म्हणालात, "माझी मुलगी खोटं बोलत नाही." मग ते माझ्याकडं वळले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना समोरून बघत होते. "बिटिया, तुमने देखा?" मी म्हटलं, "देखा." त्यांनी टोपी नीट केली आणि ते गेले. पुढं त्यांचा टांगा चालवायचा बिल्ला काढून घेतला, घोडा गेला, घरची सगळी खुलताबादकडं निघून गेली. हे मात्र ऐकीव आहे, नाना. तुमच्या शिस्तीप्रमाणं ऐकीव म्हणूनच लिहिते.

इतकी वर्षं मला आठवत होतं ते असं, की "डोळा लागला होता" हे मीच म्हणाले. स्वच्छ आठवत होतं, माझ्या आवाजासकट. रिक्षातून आल्यावर मी तुमचा उर्दूचा शब्दकोश, तो जाड लुगत, काढला. त्यात तुम्ही जुने कच्चे कागद ठेवायचात. तो अर्जाचा खर्डा तिथंच होता. "डोळा मिटला" असं तुमच्या अक्षरात, त्यावर रेघ, आणि वर "लागला". ते वाचलं तेव्हा कुठं बैठकीतलं ते हसणं परत आठवलं. आधी मी तो एका डोळ्यानं वाचला, मग पट्टी निघाल्यावर दुसऱ्यानं. एका डोळ्याला कागद पिवळा, एकाला पांढरा. खोडलेला शब्द दोन्ही डोळ्यांना एकच. साऱ्या आयुष्यात इतका भरवशाचा साक्षीदार मला भेटला नव्हता, आणि तो माझ्या आठवणीच्या विरुद्ध बोलत होता.

म्हणजे तुम्ही शब्द बदललात. कुणा गवाहाचा कधी बदलला नाहीत, तो पोटच्या मुलीचा बदललात, आणि तेही तिचं मराठी सुधारावं म्हणून. मी तुमच्यावर रागावू बघते आणि रागावता येत नाही. कारण मी खोटंही बोलले नव्हते. मला दिसलं ते दिसलंच होतं. फक्त मी डावीकडं बसले होते, आणि बसायची जागासुद्धा साक्षीत सांगायची असते हे मला ठाऊक नव्हतं. उजवीकडं बसलेलीला चाचांचा दुसरा डोळा दिसत होता. आम्हा दोघींना शेजारी उभं करून विचारलं असतंत तर त्या माणसाचा चेहरा पुरा झाला असता. परवा धाकटीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते. पण माझं ऐकतंय कोण? तुला चित्र मिळालं होतं ना सोनेरी." मग मनगट दाबत म्हणाली, "जाऊ दे. आता लई उशीर झाला."

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. चाचा दारात उभे होते तेव्हा मला त्यांचे दोन्ही डोळे दिसले. उजवा सताड उघडा, पाणावलेला. डाव्यावर पापणी जड उतरलेली, बोलतानाही, माझ्याकडं बघतानाही. मला कळलं, आणि तरी मी "देखा" म्हटलं, कारण तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. हे खरंच तेव्हा कळलं होतं, की रिक्षातल्या त्या पट्टीनं आता मागं जाऊन ती पापणी रेखाटली, हे मला कळत नाही. डोळा झाकून बघावं तर कुठला झाकू? याचा खर्डा कुठल्याच लुगतात नाही. मंगळवारनंतर दोन्ही डोळ्यांना भिंत सारखीच पांढरी दिसेल, आणि आपण कधी पिवळं बघत होतो हे मी विसरून जाईन, याची मला आज सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

म्हणून माझ्यामागं काय कुणाला द्यायचं तेही आजच लिहून ठेवते. तुमचा लुगत नातीला द्यावा, ती उर्दू शिकतेय. तुमचं पेन सूनबाईला. निब घासली आहे, पण तिचा हात हलका आहे. सोनेरी कडेचं चित्र धाकटीचं. ते कधीच द्यायला हवं होतं. अर्जाचा खर्डा चाचांच्या घरच्यांना, शोधून सापडले तर. नाहीच सापडले तर तोही धाकटीकडंच असू द्या. आणि हे पत्र लुगतातून काढून घ्यावं, ते कुणालाच द्यायचं नाही.

खर्ड्याच्या खाली मी एक ओळ लिहिली आहे: "मी डावीकडं बसले होते. टांग्यात मला एकच डोळा दिसला. दारात दोन दिसले." दौत भरलेली होती, पेनही समोर होतं. पण नाना, ती ओळ मी पेन्सिलीनं लिहिली आहे.