बिनसरकारी घाणा

॥ ॐ नमः शिवाय ॥

ता. शिरूर अनंतपाळ
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. उज्ज्वलाअक्कास,
धाकट्या सिद्धलिंगाचे शरणार्थ. दाजींनाही सांगणे. त्यांच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल, अशी आशा आहे.

इकडे करडई काढणीला आली आहे. काटे टोचतात म्हणून माणसं दव आहे तोवरच रानात जातात. शिवरात्र जवळ आली, देवळाची रंगरंगोटी चालू आहे. तुझ्या भावजयीच्या, उमाच्या, गुडघ्याची सूज आता बरीच उतरली.

रोज फोन होतो, मग कागद कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी बोलायला घेतो आणि तू विचारतेस, "माझा लेक जेवला का?" मी म्हणतो, "जेवला." ते खरंच असतं, आणि बाकीचं राहून जातं. म्हणून हा कागद मल्लिनाथजवळ देतो आहे. तो उद्या पहिल्या गाडीनं नांदेडला निघाला आहे.

मृत्युंजय तब्येतीनं चांगला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या आणि सोबतच्या पोरांच्या तेलघाण्यावर थोडी गडबड झाली, फोनवर ओझरतं बोललो तेवढंच.

तू इथं आली नाहीस, म्हणून तुला ही पोरं नीट माहीत नाहीत. पुण्याची नोकरी सोडून तुझा लेक आला आणि मागोमाग त्याचे दहा-बारा सोबती. मी शेतातली शेड दिली. कुणी कुणावर राज्य करू नये, सरकार नको, पोलीस नको, कोर्ट नको, माणसं आपलं आपण बघतील, हे त्यांचं म्हणणं. गावानं नाव ठेवलं, बिनसरकारवाले. पण त्यांच्यातही दोन तट. मृत्युंजय म्हणतो, ज्याच्या कष्टाचं त्याच्या मालकीचं, आणि मग खुल्या बाजारात ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं द्यावं-घ्यावं. भांडण झालं तर दोघांनी मिळून पंच निवडावा. दुसरी ती मंजुश्री, उदगीरच्या आडत्याची मुलगी. ती म्हणते, यंत्र चालवणाऱ्यांचं, तेल ज्याला लागेल त्याचं, आणि सगळं ठरवायचं ते सभेत, सगळ्यांच्या होकारानं.

"मालक म्हणजे छोटं सरकारच की," ती म्हणायची.

"आणि तुझी सभा? ती तर सगळ्यांनी मिळून केलेलं सरकार," हा म्हणायचा.

आपले अण्णाराव पाटील पारावर दाजींच्या सरकारी नोकरीवरून म्हणाले, "काय काळ आलाय! व्यापाऱ्याची लेक फुकट वाटती अन् पाटबंधारेवाल्याचा पोरगा बाजार मांडतो." सगळा पार हसला. मीही हसलो.

खरं सांगतो अक्का, मला त्यांचं भांडण ऐकायला आवडायचं. बाबा आपल्याला कायक आणि दासोह सांगायचे, आठवतं का? आपल्या कष्टाचं खावं आणि त्यातलं वाटून द्यावं. मला वाटायचं, ह्या दोघांनी बाबांचा एकेक हात धरला आहे. कधीतरी हात जोडले जातील. मी लिंगपूजा करून उठलो की चहा घेऊन त्यांच्यात जाऊन बसायचो. आपली पोरं इतका विचार करतात, ह्याचा अभिमानही होता.

लाकडी घाणा मृत्युंजयनं स्वतःच्या पैशानं आणला होता. चालवत सगळे होते. यंदा तेल विकायचं की वाटायचं, ह्यावरून वाद विकोपाला गेला आणि त्यानं शटरला कुलूप घातलं. आत नागुबाईची करडई अडकली. नागुबाई म्हणजे वेशीजवळची, एकटी राहते ती. घाण्यावर दाणे पाखडायला यायची. ती मृत्युंजयला मालक म्हणायची. मंजुश्री तिला समजवायची, "नागुबाई, इथं मालक कुणी नाही."

ती म्हणाली होती, "मग ताई, चावी कुणाकडं हाय?"

त्या दिवशी मंजुश्रीच्या पोरांनी कुलूप तोडलं. शटर अर्धंच उचललं गेलं. पोरांना वाकून आत जाता येईना, म्हणून मंजुश्री म्हणाली, "नागुबाई, तुम्ही बारीक आहात, शिरा बघू आत." तिनं आधी डावा हात आत घालून आपलं पोतं ओढायला घेतलं. तेवढ्यात मृत्युंजय पळत आला आणि त्यानं शटर खाली ओढलं.

नागुबाईचा हात चिरडला. लातूरला नेलं. हाड जोडलं, पण दोन बोटं पुन्हा वळणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

लगेच वाईट समजू नकोस. मृत्युंजयनं दवाखान्याचं सगळं केलं. तो म्हणाला, पंच नेमा, नुकसानीचं जे ठरेल ते देतो. मंजुश्री म्हणाली, सभा तिला जन्मभर सांभाळेल. दोघांच्या मनात खोट नव्हती. नागुबाई खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "तुमचाच पंच, तुमचीच सभा. हात कुणी मोडला? तुम्हीच ना? मला लिहून घेणारा माणूस पाहिजे." आणि हात गळ्यात अडकवून ती ठाण्यात गेली. फिर्याद दिली.

आता जे सांगतो ते मला अजून खरं वाटत नाही.

त्याच संध्याकाळी शेडमध्ये सगळे जमले. पोलिसात जायचं नाही, हा एकच नियम दोन्ही तटांना मान्य होता. मृत्युंजय म्हणाला, "मी कुणाशी व्यवहार करायचा हा माझा प्रश्न. मी तिच्याशी करणार नाही." मंजुश्री म्हणाली, "विश्वास मोडणाऱ्याला आपल्यात जागा नाही, सभेनं ठरवावं." तेल विकायचं की वाटायचं हे दोन वर्षांत ज्यांना ठरवता आलं नाही, त्यांचं एका चहात एकमत झालं. नागुबाईला काम नाही, तेल नाही, शेडच्या नळाचं पाणी नाही. कुणी आवाज चढवला नाही. कुणी वाईट बोललं नाही. अक्का, त्यांच्यातलं भांडण संपावं म्हणून मी देवाला किती वेळा मागितलं होतं, आणि ते असं संपलं.

पायरीवर बसून मी हे बघत होतो. मंजुश्रीनं विचारलं, "काका, तुमची हरकत?" माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. त्यांच्या नियमात गप्प बसलेल्याचा होकार धरतात.

दोन दिवसांत ते गावात पसरलं. किराणावाला तिला म्हणाला, साखर संपली. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. पोरांनी गावाला काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. अण्णाराव मला म्हणाले, "सिद्धलिंगअप्पा, वाळीत टाकणं आमालाबी येतंय की. हे शिकायला पोरं पुण्याला कशाला गेली हुती?" आणि हसले. ह्या वेळी मला हसता आलं नाही.

मी मृत्युंजयला म्हणालो, "अरे, ही वाळीत टाकल्यासारखी गत झाली."

तो खरोखरच चकित झाला. "मामा, तिला कुणी मारलं का? हाकललं का? आम्ही फक्त देणं-घेणं थांबवलं. तेवढंही स्वातंत्र्य नसावं का माणसाला?" मग हळूच म्हणाला, "आणि तुम्ही पण होतात की."

त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता. लहानपणी तुझ्या ओट्यावर झोपायचा तेव्हा होता तसाच. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

काल मी नागुबाईकडे गेलो. मागच्या दारानं गेलो, हेही लिहितो. हवालदारानं तिला विचारलं होतं, बघितलेलं कुणी हाय का? तिनं सांगितलं, न्हाई. मी म्हणालो, "नागुबाई, मी तर तिथंच होतो."

"ठाऊक हाय मालक. पन तुमच्या सख्ख्या बहिणीचं लेकरू ते. कोणत्या तोंडानं तुमचं नाव सांगू?"

अक्का, शटर चुकून पडलं, असं मी तुला फोनवर म्हणालो होतो. ते चुकून पडलं नाही. नागुबाई ओरडली होती, "मालक, थांबा, माझा हात!" मृत्युंजयनं खाली बघितलं. त्याला हात दिसला. आणि तरी त्यानं ओढलं. क्षणभराचा राग असेल. पण त्यानं बघितलं होतं, आणि तो बघताना मी त्याला बघितलं.

तेव्हापासून माझी पूजा होत नाही. डाव्या तळहातावर लिंग ठेवतो, नजर लावतो, आणि मला नागुबाईचा तळहात दिसतो. आज सकाळी लिंग पुन्हा गळ्यातल्या चांदीच्या करडगीत ठेवून उठलो.

उद्या मी ठाण्यात जाणार आहे. बघितलं तेवढंच सांगेन. मंजुश्रीनं तिला आत शिरायला सांगितलं, तेही सांगेन. आणि मी सभेत गप्प बसलो, ते कुणी विचारलं नाही तरी सांगेन. मृत्युंजयला आज रात्री जेवायला बोलावलं आहे, तेव्हा त्यालाही सांगेन. त्याच्या पाठीमागं काही करणार नाही. तुला मात्र त्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हा कागद.

केवळामावशीनं दुसरं लग्न केलं म्हणून गावानं तिचं पाणी तोडलं होतं, ते तुला आठवतं? मी फार लहान होतो. तू ताकाचा गडू घेऊन भर दुपारी पुढच्या रस्त्यानं तिच्याकडे गेलीस. पार सगळा भरलेला होता. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, कुठं गेली होतीस? तू म्हणालीस, "मावशीकडं." मी तुझ्या परकराला धरून उभा होतो.

भाऊबीजेला मी नांदेडला येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. तू गप्प राहिलीस तर त्याला मी होकार धरणार नाही.

तुझ्या मागून त्या रस्त्यानं चाललेला,
सिद्धलिंग