अर्जाच्या मागचं पान

१४ जुलै १९९६

माफ कर, वहीबाई. लिहायला फार उशीर झाला. एप्रिलनंतर आज. सोसायटीनं दिलेली डायरी, प्रत्येक तारखेला एक पान, आणि माझी निम्मी पानं कोरीच. बायको, भामाबाई, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पण आज लिहिल्याशिवाय जमणार नाही. छकुलीची काळजी.

नात माझी. दुसरीत आहे. वस्तीच्या शाळेवर एकच शिक्षिका — रतनबाई, लासुर्ण्याची. गेल्या वर्षापासून आहे. आणि फळ्यावर बाराखडी म्हणून नाही! पोरं लिंबाखाली बसवते. प्रत्येकाला विचारते, "आज तुला कुठला शब्द पाहिजे?" पोरगं सांगेल तो शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या पिशवीत टाकते. दुसऱ्या दिवशी ओळखला तर ठेवायचा, नाही ओळखला तर फेकायचा. छकुलीच्या पिशवीत काय? आज्जी. लांडगा. टरॅक्टर. करंजी. हे शिक्षण?

मी स्वतः तिसरी. माझा जोतीराम, छकुलीचा बाप, शाळेत होता तेव्हा मी मेंढरं घेऊन कोकणात. त्यानं चौथीत दप्तर विहिरीत टाकलं. आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो, सही करताना घाम फुटतो त्याला. छकुलीचंही तेच होणार. मला दिसतंय.

१६ जुलै

शाळेत जाऊन आलो. हात जोडून म्हणालो, "बाई, थोडी बाराखडी घ्या की."

ती हसली. "आबा, तुमच्या वाड्यात मेंढरं किती होती?"

"दीडशे."

"एकेक वळखायचा?"

"व्हय, तर!"

"कशानं? आधी कान बघायचा, मग खूर, मग शेपूट?"

"तोंडावरनं वळखतो मेंढका."

"मग छकुलीबी शब्द तोंडावरनं वळखती. कान-खूर मागनं दावते तिला. घाई करू नका."

काठी उचलून निघालो. घरी येईस्तोवर राग आला. पोरं म्हणजे मेंढरं का?

२३ जुलै

आज बाईनं मला शाळेत बोलावलं. पोरांना लांडग्याची गोष्ट सांगा म्हणाली — तळ्याच्या माळावर रात्रभर काठी घेऊन उभा होतो ती. सांगितली. पोरं गप्प बसून ऐकत होती, मध्येच एकानं विचारलं, "आबा, तुमी मुतला न्हाय का भ्यानं?" सगळी हसली. मीही हसलो. खोटं कशाला, बरं वाटलं.

मग बाईनं ती गोष्ट पोरांकडूनच लिहून घेतली. एकेकानं एकेक ओळ. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून, दाभणानं शिवून पुस्तक केलं. वर नाव घालायला मला दिलं. "आबा, वस्तीवर तुमचं अक्षर चांगलं." मी बोरूनं लिहिलं — लांडग्याचं पुस्तक.

आत बघितलं तर "लांडगा आला व्हता", "आबा लई भ्याला". आपलं खेडवळ बोलणं जसंच्या तसं! बाई म्हणाली, "जसं बोलता तसंच आधी लिहायचं. मग हात मोकळा होतो." मला मेल्यासारखं झालं. बारामतीला कुणी बघितलं तर म्हणेल, ही यांची विद्या.

१ ऑगस्ट

छकुलीला समोर बसवलं. बाराखडी म्हण. "क, का" — पुढं काही नाही. वर्तमानपत्र पुढं ठेवलं. वाच. मान खाली. माझ्या हातात काठी होती, पण ती नेहमीच असते. "वाच की गं!" ओरडलो. डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द नाही.

सारजा — सून — चुलीपुढून म्हणाली, "मामंजी, तुमी असं वराडल्यावर मलाबी माझं नाव सांगता यायचं न्हाय."

तिला काय कळतंय! अक्षर येत नाही पोरीला. एकही येत नाही.

५ ऑगस्ट

म्हस्कू आला होता. शेजारचा, शाळेच्या समितीवर आहे माझ्यासारखाच. "आबा, झाडाखाली गप्पा मारायचा पगार घेती ती बाई. अर्ज करू. तुमी शिकल्याली मानसं, तुमीच लिवा."

मला इतकंच लिहायचं होतं — बाई गुणी आहे, पोरांवर माया आहे, फक्त बाराखडीही घ्यावी. पण अर्जात असं कसं लिहायचं? अर्जाला चाल असते. गेल्या साली लाईनमनविरुद्ध लिहिला होता, त्याची नक्कल पेटीत होती. तीच समोर घेतली, "सदर लाईनमन" होतं तिथं "सदर शिक्षिका" घातलं. म्हस्कू म्हणाला, "जरा तिखट पडू द्या." या पानाच्या उरलेल्या जागेत कच्चा लिहितो, जमेल तसा.

"...सविनय अर्ज की, सदर शिक्षिका आपल्या कर्तव्यात हयगय करीत असून मुलांस एकही अक्षर वाचता येत नाही. वारंवार तोंडी सूचना देऊनही फरक नाही. तरी सदर शिक्षिकेस येथून तात्काळ हलवून योग्य ती कारवाई व्हावी व आम्हा गोरगरिबांस न्याय मिळावा, ही नम्र विनंती."

वारंवार सूचना कुठं दिल्या? एकदाच गेलो होतो. पण नमुन्यात तसंच आहे. अर्ज चांगला उतरलाय. पान भरलं. फुलस्केपवर नंतर उतरवीन. डायरी कोनाड्यात ठेवतो.

२० ऑगस्ट

अर्ज गेला. आठ-दहा दिवसांपूर्वी उतरवून म्हस्कूच्या हातात दिला, खाली सात जणांच्या सह्या आणि चार अंगठे. त्याचं काही होणार नाही. लाईनमनच्या अर्जाचं काय झालं? तार अजून लोंबतेच आहे.

छकुली माझ्याजवळ बसत नाही हल्ली. पिशवी घेऊन गोठ्यात जाते. वाचता येत नाही म्हणून लाजत असेल.

११ सप्टेंबर

झालं! बाईला तालुक्याच्या कचेरीत बोलावलं होतं. आज हुकूम आला. बदली. इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, धरणाच्या पाण्याकाठी कुठंतरी. एसटी दिवसातून एकदा जाते म्हणे.

मला बदली नको होती. बाराखडी पाहिजे होती.

१४ सप्टेंबर

बाई गेली. जाताना घरोघर पाया पडली. माझ्याकडं आली. मी खाटेवरून उठलो, बसा म्हणालो, सारजानं चहा टाकला. छकुली बाईच्या कमरेला मिठी मारून उभी. सोडेना.

बाई म्हणाली, "आबा, कचेरीत अर्ज दाखवला मला."

मी सारजाला म्हणालो, साखर जरा जास्त घाल.

"अक्षर लई सुरेख हाय तुमचं."

इतकंच. टोचून नाही, रागानं नाही. लांडग्याचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "पोरांपाशी राहू द्या." चहा प्याली आणि गेली. तो चहा ती का प्याली?

१५ सप्टेंबर

झोप नाही.

७ ऑक्टोबर

नवे गुरुजी आठवड्यातून तीन दिवस येतात. फळ्यावर बाराखडी आहे. छडी आहे. शब्दांच्या पिशव्या "हा कसला कचरा" म्हणून गोळा करून घेतल्या. छकुलीनं आपली दिली नाही. ज्वारीच्या कणगीत लपवली, सारजानं सांगितलं.

२४ ऑक्टोबर

छकुलीनं आज बाराखडी म्हणून दाखवली. क पासून ज्ञ पर्यंत, न थांबता, भिंतीकडं बघत. म्हस्कू खूश. "बगा आबा, फळ मिळालं का न्हाय अर्जाचं!"

मी लांडग्याचं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, एवढं वाच बाळा, आपलीच गोष्ट आहे. तिनं ते मिटलं आणि मला परत दिलं.

"न्हाय येत मला."

शाळेतली सहा पोरं शेरडांमागं जायला लागली. गुरुजी येत नाहीत त्या दिवशी शाळेच्या पडवीत कुणाची तरी म्हैस बांधलेली असते. मला जे दिसत होतं तेच झालं. फक्त माझ्या हातानं झालं.

२ नोव्हेंबर

बाईला पत्र लिहायला बसलो. चौथा दिवस. "स.न.वि.वि. पत्र लिहिण्यास कारण की" — फाडलं. "सविनय सादर" — फाडलं. चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, पंपाचे, तगाईचे, वाटणीचे. स्वतःचं चार ओळी लिहायला बसलो की हात लाईनमनकडं जातो. जसं बोलता तसं लिहायचं म्हणाली होती. कसं?

बाईचा पत्ताही नाही. म्हस्कूला कसा विचारू?

९ नोव्हेंबर

उद्या दिवाळी. घरात करंज्यांचा वास. छकुलीनं एकही उचलली नाही.

१७ नोव्हेंबर

आज पत्राला कोरा कागद शोधत होतो. नव्हता. म्हटलं डायरीतलं एखादं रिकामं पान फाडू. ५ ऑगस्टचं पान आलं, अर्जाचं. उलटलं. मागं ६ ऑगस्ट. कोरं असायला पाहिजे होतं. नाही. पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत —

"आबा मी ह्ये वाचलं. समदं न्हाय आलं. पन बाईला हलवायचं लिवलंय ते आलं. मला वाचता येतं. ह्ये देऊ नगा."

अर्ज फुलस्केपवर उतरवला तेव्हा हेच पान माझ्या हाताखाली होतं. उलटलं नाही.

आता पत्र इथंच, तिच्या ओळींखाली लिहितो. बाई, छकुलीला वाचता येत होतं. माझा अर्जच वाचला तिनं. अर्ज मी लिहिला, तुम्हाला ठाऊक आहेच. आता ती वाचत नाही. मी काय करू ते मला समजत नाही. कुठं आहात? तिला एक ओळ लिहा, मला नको. लवकर कळवा.