न फोडलेला नारळ

हिर्डोशी

बाळ सेदू,

तुला मराठी मोडकंतोडकं बोलता येतं, पर वाचता येत न्हाई, म्हणून लिवायचा धीर झाला.

माझा नातू सार्थक मोबाईलवर तुझी बेल्जियमातली फुटबॉलची मॅच दावतो. परवा तू पुन्यांदा डावा घोटा धरून खाली बसलास. आता खेळशील का न्हाई, डागदरबी सांगंनात.

कॉलेजातनं सार्थकसंगं हितं आलास, खाचराच्या बांधावरनं पडलास, तवा त्यो घोटा म्याच बसवला. दीड महिना पट्टी ठेव, असं बजावलं हुतं. तिसऱ्या आठवड्यात तू नारळ घेऊन दारात हजर. "आई, परवा संघाची निवड हाय. पट्टी सोड." तुझी खरी आई सेनेगलात, म्हणून मला आई म्हणायचास.

पट्टी सोडली की नारळ घ्यायचा आन पाय धड झाला की द्येवाम्होरं फोडायचा, ही आमच्या हाडं बसवणाऱ्या घराची रीत. म्या अंगठ्यानं दाबून बगितलं. सांदा आजून ढिलाच हुता. तरी "जा, बरा झाला" म्हणून बसले.

तिथल्या पेपरात तू सांगितलंस म्हणं, माझा पाय भारतातल्या आईनं बरा केला. असं नगं सांगत जाऊस, लेकरा.

तुझा नारळ द्येवाम्होरं तसाच हाय. फोडायला हातच उचलला न्हाई.

तुझी,
धोंडाबाई